आज मरनं हाये का

रविवारी आईचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा माझ्याकडे सकाळ होती आणि तिच्याकडे चांगलं ऊन चढलं होतं. ती बुलढाण्याकडच्या उंद्रीच्या घराच्या गच्चीवर मुंगवड्या राखत बसली होती, मी माझ्या खोलीत कपडे वाळत घालत होते. दोघींनी फोन कशाला तरी टेकवून ठेवले आणि आपापली कामं चालू ठेवली. अशा वेळी तिच्या फोनमध्ये मला बहुतेक आकाशच दिसायचं. मध्येच तिचं कोपर यायचं, मध्येच शेजाऱ्यांची पाण्याची टाकी.

"आज मरनं हाये का?" तिनं विचारलं.

"आज सुट्टी हाये. उद्या सकाळी हाये, शाळेतल्या पोराईसाठी."

"उद्या कोन्तं?"

"मिठागरवाल्याच्या पोरीचं."

"म्हंजे पान्यात," ती म्हणाली. तिचं समाधान झालं.

मी जर्मनीतल्या एका लहान शहराच्या नाट्यगृहात गाते. सगळं नाटक गाऊनच करायचं, बोलायचं काही नाही, हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "म्हंजे दंडार." आमच्याकडे गावात सोंगं घेऊन, गात-नाचत जे नाटक करतात ती दंडार. मी हो म्हटलं. त्यानंतर तिच्या लेखी मी दंडारीत होते आणि मला सोंगं मिळत होती. माझा आवाज बायकांच्या आवाजांतला सगळ्यात वरचा. तिकडे या आवाजाच्या गायिकेला सोंगं वयाप्रमाणे आणि आवाजाच्या वजनाप्रमाणे वाटून देतात. पहिली काही वर्षं माझ्याकडे चलाख मोलकरणी होत्या, मालकिणीच्या चिठ्ठ्या पोचवणाऱ्या, पडद्यामागून डोकावणाऱ्या, आणि शेवटच्या अंकात त्यांचं लग्न लागायचं. मग आवाज भरला, खालच्या सुरांत थोडी माती आली. पस्तिशीनंतर मी मरू लागले. दीपगृहाच्या रखवालदाराची बायको थंडीनं मरते. राजाची धाकटी बहीण विष घेते. मिठागरवाल्याची मुलगी खाडीत शिरते आणि बाहेर येत नाही.

आईला लग्नाची सोंगं आवडली नव्हती. "लगनात काय ठेवलं? लगन त इथी बी झालं असतं," असं ती म्हणायची. मरणाचं मात्र तिचं एक शास्त्र होतं. जिवंत माणसाच्या मरणाची खोटी बातमी पसरली की त्याचं आयुष्य वाढतं, हे आमच्याकडे सगळेच मानतात. तिचा हिशेब एवढाच होता की मी मेले असं समजून एवढे लोक एका जागी बसून रडतात, त्याचा फायदा मला मिळणारच. म्हणून ती दर रविवारी विचारायची, आज मरणं आहे का, आणि नाही म्हटलं की जरा नाराज व्हायची.

माझं गाणं तिनं फार ऐकलं नव्हतं. एकदा एक ध्वनिमुद्रण पाठवलं होतं. थोडा वेळ ऐकून म्हणाली, "पाखरं हाकलाले बरं हाये." मग म्हणाली, "मनते काय ती?"

"मनते, मले थंडी वाजून राह्यली."

"मंग येवढं वरडाचं काय काम? घोंगडं मांगावं."

त्या रविवारी वड्यांचं झालं, माझ्या भावजयीच्या, काजलच्या, दाताचं झालं, माझ्या भावानं, गजेंद्रनं, हरभऱ्यावर दोनदा फवारणी केली ते झालं. मग एकाएकी तिनं डोकं फोनसमोर वाकवलं.

"पाय, माही टाळू पाय."

विरळ केसांमध्ये एक बारीक लाल ओरखडा होता.

"सकाळी वड्या घालून राह्यली होती. मेल्यानं येऊन चोच मारली. कावळा."

मला हसू आलं. तिलाही आलं होतं, पण ती ते दाबत होती. आमच्याकडे कावळा माणसाच्या डोक्यावर बसला किंवा त्यानं चोच मारली की ते मरणाचं लक्षण समजतात. त्यावर उपाय एकच. ते माणूस मेल्याची खबर लांबच्या नातेवाइकांना धाडायची. ते खबर खरी समजून रडले की मरण आपला हिस्सा घेऊन परत जातं.

"आता खबर द्या लागते," आई म्हणाली. "आज नाई, आज अवस हाये. उद्या नाईतर परवा. रोहिणखेडले द्या लागते. महामायाबाई लय मस्त रडते." महामाया ही तिची थोरली बहीण, माझी मावशी. "अन तुले बी फोन येईन. तुले सांगून ठेवते, नाईतर तू तिथी स्टेजवर पडशीन."

"सांगून ठेवलं त मंग माह्या रडन्याचा उपयोग काय?"

"तुले रडा लागत नाई. बाकीचे हायेत."

"रडीन ना. येते मले."

"तुहं नको. तुहं गान्यातलं असते." मग ती कुणाकडे तरी काठी उगारून म्हणाली, "हट." कुणी आलं होतं ते मला दिसलं नाही. "ठेवते अर्पे, फोन तापला."

स्क्रीनवर थोडं आकाश राहिलं आणि गेलं.

दुसऱ्या दिवशी मी रंगभूषेच्या खुर्चीत बसले होते. रंगभूषा करणारी बाई माझ्या कपाळाच्या कडेला टोपाची जाळी चिकटवत होती. गजेंद्रचा फोन आला.

"ताई, आई गेली."

मी आरशात पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर हसू होतं. मला वाटलं, कामाला लागली ही, अमावस्या उलटल्याबरोबर.

"कवा?" मी विचारलं. चांगलं विचारलं.

"सकाळीच. चहा घेतला अन भिंतीले टेकली. मले वाटलं, डोया लागला."

चहाचा तपशील मला आवडला. हे आईनं पढवलं असणार, गजेंद्रला एवढं सुचत नाही. आणि मग मी रडले. ते करायची एक रीत असते. श्वास खालच्या बरगड्यांत भरून घ्यायचा, गळा मोकळा ठेवायचा आणि तो श्वास तुकड्यातुकड्यांनी सोडायचा. आवाज आपोआप फाटतो, गळ्याला इजा होत नाही. रंगभूषावालीनं दचकून दोन्ही हात वर उचलले. पलीकडे गजेंद्रकडून एक विचित्र आवाज आला, खाकरल्यासारखा. त्यालाही हसू फुटलं असं मला वाटलं. तो पुढे काही विचारत होता, पण घंटा झाली होती. "ठेवते," मी म्हटलं आणि ठेवला.

रंगभूषावालीला मी सांगितलं की काळजी नको, ही आमच्याकडची एक रीत आहे. ती म्हणाली, किती सुंदर रीत.

प्रयोगाच्या वेळी आमचे फोन कुलपात असतात. मी खाडीत शिरले. पहिल्या रांगेतली मुलं चुळबुळ करायची थांबली. नंतर सगळे म्हणाले की आजचं मरण विशेष झालं.

फोन हातात घेतला तेव्हा गजेंद्रचे चुकलेले बरेच कॉल होते. गावाच्या ग्रुपवर आईचा फोटो होता, भोवती झेंडूची चौकट, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. मी तो मोठा करून पाहिला. फोटो आधार कार्डावरचा होता. मला वाटलं, फारच ताणलं यांनी, आई आता रागावेल, या फोटोत तिचं तोंड वाकडं दिसतं. खाली लोकांनी हात जोडले होते. यांनाही फसवलं, असं वाटलं. गावातल्या गावात कसं फसवतील, हे डोक्यात आलं आणि तरी बसलं नाही. मग काजलचा आवाजी निरोप लावला.

"ताई, तुम्ही काही बोल्ल्याच नाई, तुमच्यासाठी थांबाचं का नाई थांबाचं. हे इचारत होते तुमाले. आता सगळे म्हनतात नेऊ. नेऊन राह्यले."

तिच्या आवाजामागे बायका रडत होत्या. मी तो निरोप पुन्हा लावला, फक्त मागचा आवाज ऐकण्यासाठी. त्यात एकीचाही श्वास जागेवर नव्हता. मध्येच कुणी खोकत होतं, कुणाचा सूर अर्ध्यात सुटत होता, एक बाई नुसतीच हुंकारत होती. असं ठरवून कुणाला करता येत नाही. तेवढ्यावरून मला कळलं.

मी उंद्रीला पोचले तेव्हा अस्थी गोळा करून झाल्या होत्या. गजेंद्रनं डोकं भादरलं होतं. त्यामुळे तो लहानपणच्या तापातून उठलेल्या गजेंद्रसारखा दिसत होता. अग्नी त्यानंच दिला होता, म्हणून त्याला घर सोडता येत नव्हतं. ओसरीत घोंगडीवर बसून तो येणाऱ्या-जाणाऱ्यांशी हळू बोलत होता. मला वाटलं होतं, तो चिडेल. तो म्हणाला, "ताई, तुही फ्लाइट बराबर झाली का?"

संध्याकाळी सगळे गेल्यावर तो म्हणाला, "मी रडलोच नव्हतो. सगळं पायत होतो. डॉक्टर आनला, गौऱ्या सांगतल्या, फोन केले. तू फोनवर रडलीस ना, तवा मले रडू आलं. तुहा आवाज ऐकला अन मंग मले काही सुचलं नाई. थांबाचं का, तेही धड इचारता आलं नाई."

त्याला खरं सांगावं तर त्याचं रडणं कुठे ठेवायचं, ते मला समजेना. मी म्हटलं, "जेवला का तू?"

बायका भेटायला यायच्या, दारातून हेल काढायच्या, माझ्या गळ्यात पडायच्या. त्यांच्या रडण्यानं माझा खांदा ओला व्हायचा. माझ्या आत काहीतरी उसळायचं, आणि त्याच क्षणी बरगड्या उघडायच्या, गळा मोकळा व्हायचा, सगळं जागच्या जागी बसायचं. मी घाबरून ते बंद करायची. कारण आता जो आवाज येईल तो चांगला येईल, हे मला माहीत होतं. वीस वर्षं शरीराला जे शिकवलं ते शरीर आता विसरायला तयार नव्हतं. यातलं माझं कोणतं आणि शिकलेलं कोणतं, ते मला खरोखर कळत नव्हतं. एक म्हातारी बाहेर पडताना दुसरीला म्हणाली, "तिकडे रडत नसतीन."

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आई गेली, हे मला सगळ्यांनी सांगितलं होतं. मी कुणालाच सांगितलं नव्हतं. नाट्यगृहाला मेल केला त्यात 'घरगुती कारण' लिहिलं होतं. विमानात शेजारच्या बाईनं विचारलं, सुट्टीला चाललात का, मी हो म्हटलं. इथे तर सगळ्यांना आधीच माहीत होतं. ते शब्द माझ्या तोंडातून एकदाही गेले नव्हते. गच्चीवर वड्या अजून तशाच होत्या, कुणी उचलल्या नव्हत्या. दिवसातून कधीतरी मला वाटायचं की खबर अजून खोटीच आहे, फक्त ती परत घ्यायचं कुणाच्या लक्षात राहिलेलं नाही.

महामाया मावशी आली नव्हती. काजलनं मला चुलीपाशी बोलावून सांगितलं. "इंद्रभान दादाले ह्यांनी त्याच दिवशी फोन केला. मावशी मानतच नाईत. मनतात, आशीले कावळा बसला असंन. हासतात मने." इंद्रभान दादा हा मावशीचा मुलगा, आणि आशी म्हणजे माझी आई, मावशी तिला तसंच म्हणायची. आईच्या माहेरचं आता मावशी हे एकच माणूस उरलं होतं. माहेरची साडी मावशीनं आणायची असते, ती आली नाही म्हणून आईला घरातलीच नवी साडी नेसवून नेलं होतं. "दहाव्याले तरी त्या पायजेत," काजल म्हणाली. "नाईतर पिंडाले कावळा शिवत नाई, असं सगळे बोलून राह्यले. ताई, तुम्ही जाता का?"

मी गेले. उंद्रीहून चिखली, चिखलीहून बुलढाणा, तिथून राजूर घाटानं खाली मोताळा. बस घाट उतरत असताना मावशीला सांगायचं ते वाक्य मी मनात म्हणून पाहत होते. जर्मनमध्ये जमत होतं. एका सोंगात मला जवळपास हेच गायचं होतं, वरच्या पट्टीत, भावाला उद्देशून. ते मी अनेकदा गायले होते. मराठीत पहिल्या शब्दापुढे मी जात नव्हते.

रोहिणखेडला जुन्या मशिदीच्या अलीकडच्या गल्लीत मावशीचं घर आहे. ती ओट्यावर चिंचा फोडत बसली होती. एका हातात दगड होता, पदरात चिंचोके पडत होते. मला पाहून तिचा दगड थांबला, मग पुन्हा चालू झाला.

"आली का? आशीनं तुले बी कामाले लावलं?"

"मावशी," मी म्हटलं.

"बस. ए इंद्रभान, पानी आन बहिनीले. जर्मनीवरून आली लबाडी कराले."

इंद्रभान दादा पाण्याचा तांब्या घेऊन आला. त्याचे केसही आता पांढरे झाले होते. तो हळूच म्हणाला, "म्या किती खेपा सांगतलं. तिचं एकच, मी फसत नाई."

"फसत नसतेच," मावशी म्हणाली. तिला ऐकू चांगलं येत होतं. "तुह्या बापाच्या टायमाले कशी आली होती मी, मालूम हाये का? टरकात. कांद्याच्या पोत्यावर बसून. वेशीपासून हेल काढत आली. सारी उंद्री माह्या मांगं. दारात पाय ठेवते त तुहा बाप भाकर खाऊन राह्यला. वर मले मनते, बाई, जेवता का?"

इंद्रभान दादा हसला. मलाही हसू आलं. कुठून आलं, माहीत नाही. मावशी मात्र हसली नाही.

"मंग मी आशीले मनलं, आता तू खरीच मेली त बी मी येत नसते." तिनं एका चिंचेवर दगड मारला. चिंच आधीच फुटलेली होती.

आतून सून चहा घेऊन आली. मी चहा घेतला. गल्लीतून एक मोटारसायकल गेली, तिच्यावर चाऱ्याचा भारा होता.

"मावशी, तू चल माह्यासंगं," मी म्हटलं.

"काऊन?"

"चल ना. घरी सारे वाट पायतात."

"कायची वाट पायतात?"

मी इंद्रभान दादाकडे पाहिलं. तो मान खाली घालून उभा होता.

"रडून दाखव बरं," मावशी म्हणाली. "तू त रडाचीच नोकरी करतेस. आशी सांगत होती, लोक तिकीट काढून बसते तुहं रडनं पायाले."

मी मान हलवली.

"काऊन? फुकट रडत नाई का?"

"नाई येत मावशी."

ती माझ्याकडे पाहत राहिली. तिचे डोळे अगदी आईसारखे नव्हते, पण पाहण्याची पद्धत तीच होती. मग तिनं दगड खाली ठेवला आणि लहान मुलाला समजावावं तसं ती बोलू लागली.

"हे पाय. खोटी खबर पोटचं लेकरू देत नसते. दिली त लागते, खरी होते. तुह्या बापाच्या टायमाले शेजारच्या रवीच्या बापाच्या हातून खबर धाडली होती, गज्यानं नाई का तू नाई. कवाच नाई. आता हा इंद्रभान सांगते. हा आशीचा कोन? भाचा. त्याचं काय धरा? गज्यानं सांगतलं मने, पर माह्या कानानं म्या ऐकलं नाई. अन तू आल्यापासून बसेल हाये. पानी पेली, चहा पेली, चाल मनतेस. एकदा बी तोंडानं मनली नाई. तुले बी भेव हाये ना, लागाचं? मंग? मंग खोटंच हाये ना?"

आईनं मला सगळं सांगून ठेवलं होतं, एवढं सोडून. ते मला माहीत असणारच, असं तिला वाटलं असेल. मी आरशात हसत होते तेव्हा गजेंद्र स्वतः बोलत होता. ही रीत पुरती माहीत असलेल्या कुणालाही त्याच्या पहिल्या शब्दाबरोबर कळलं असतं.

"खोटं हाये ना वं?" मावशीनं पुन्हा विचारलं. या वेळी आवाज अगदी खाली होता. तिचे हात पदरातल्या चिंचोक्यांत होते आणि ते चिंचोके वाजत होते.

ती माझ्या गप्प राहण्यावर टेकून बसली होती. मी उठून निघून गेले असते तर तिची बहीण तिच्यापुरती राहिली असती. आणि माझी आईही राहिली असती, अशीच, कुणी परत न घेतलेल्या खबरीत.

मी तोंड उघडलं. बरगड्या आपोआप फाकल्या, श्वास खाली भरला. मी थांबले. तो सगळा श्वास बाहेर जाऊ दिला, अगदी शेवटपर्यंत, आणि मग गळ्यात जेवढा उरला होता तेवढ्यात म्हटलं, "मावशी, माही माय मेली."